लूनची मोजणी : ऑन्टारिओतील एका सरोवराकाठचे सहा दिवस

पहिला दिवस, शुक्रवार

ऑगस्टमधील पहिल्या सोमवारी ऑन्टारिओत सुट्टी असते आणि तिच्या आधीच्या शुक्रवारी दुपारपासून टोरांटोतील असंख्य कुटुंबे उत्तरेकडच्या सरोवरांची वाट धरतात. म्हणून जावईबापूंनी आम्हांला पहाटे पाचला उठवले आणि साडेसहाच्या आत गाडी हायवे ४०० वर आणली. बॅरीच्या पुढे हायवे ११ सुरू होतो. तोवर दोन्ही बाजूंना सपाट शेते होती. ग्रॅव्हनहर्स्ट जवळ आले तशी शेते संपली आणि रस्त्याच्या कडेला गुलाबी-करड्या पट्ट्यांचा खडक उघडा पडलेला दिसू लागला. मी बत्तीस वर्षे कोल्हापूरच्या शाळेत भूगोल शिकवला. कॅनेडियन ढालक्षेत्र, म्हणजे कॅनडाचा अतिप्राचीन खडकाळ प्रदेश, हे शब्द फळ्यावर किती वेळा लिहिले असतील याची गणती नाही, पण तो खडक डोळ्यांनी प्रथमच पाहत होते. आपला दख्खनचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तर हा पट्टिताश्म शंभर कोटी वर्षांहून जुना. मी गाडी थांबवायला सांगितली, खाली उतरले आणि खडकावर हात ठेवून उभी राहिले. लेकीला आईच्या या सवयी ठाऊक असल्याने तिने काही विचारले नाही.

आम्ही निघालो होतो लेकीच्या सासरच्या कॉटेजवर. तिथे कॉटेज म्हणजे भाड्याची खोली नव्हे, तर घराण्याचे उन्हाळी घर. आमच्या विहीणबाईंच्या सासऱ्यांनी डॉर्सेट गावाजवळच्या एका लहान सरोवराकाठी ते स्वतःच्या हातांनी बांधले. तीन लहान खोल्या, समोर डासांची जाळी लावलेली पडवी, मधोमध लाकडाची शेगडी आणि पाण्यात शिरलेला लाकडी धक्का एवढाच त्याचा पसारा. हिवाळ्यात ते बंद असते. ऑक्टोबरमध्ये नळांतले सगळे पाणी काढून टाकावे लागते, नाही तर गोठून नळ फुटतात. मे महिन्यात पुन्हा उघडायचे, पंप सरोवरात सोडायचा, धक्क्याच्या फळ्या ठोकायच्या. मे महिन्यात कोकणातल्या घरी भावंडे जमतात आणि आधी कोणाला तरी जाऊन विहीर उपसावी लागते, त्याची मला आठवण झाली. सरोवराचे नाव मात्र मी इथे देत नाही, कारण तशी विहीणबाईंची विनंती आहे आणि तिचे कारण पुढे येईलच.

विहीणबाई बहात्तर वर्षांच्या आहेत. आम्ही पोहोचलो तेव्हा त्या धक्क्यावर दुर्बीण लावून बसल्या होत्या. आमची चाहूल लागताच लगबगीने वर आल्या, दोन्ही हात जोडून "नमस्कार" म्हणाल्या आणि लगेच माझ्या लेकीला विचारू लागल्या, "उच्चार बरोबर झाला ना?"

पहिली रात्र मला विसरता येणार नाही. पावणेनऊच्या सुमारास सूर्य मावळला, पाणी शिशासारखे स्थिर झाले आणि पलीकडच्या काठाकडून एक लांबलचक, चढत जाणारी हाक आली. कोणी तरी फार दुरून कोणाला तरी बोलावत आहे, असा तो स्वर होता. मी दचकून नातीचा हात धरला. ती नऊ वर्षांची आहे, तिथेच जन्मली आणि वाढली, पण आमच्याशी मराठीतच बोलते. ती म्हणाली, "आजी, घाबरू नकोस, तो लून आहे. तो दुसऱ्या लूनला विचारतोय, तू कुठे आहेस?" थोड्याच वेळात सरोवराच्या दुसऱ्या टोकाकडून उत्तर आले.

लून हा पाणबुड्या पक्षी. काळे डोके, पाठीवर पांढऱ्या चौकटींची नक्षी आणि उन्हाळ्यात लालभडक डोळे. १९८७ पासून कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर त्याचे चित्र आहे आणि म्हणूनच लोक त्या नाण्याला लूनी म्हणतात. हे सगळे विहीणबाईंनी पडवीत बसून सांगितले आणि मग आपले खरे काम सांगितले. बर्ड्स कॅनडा ही संस्था १९८१ पासून लूनची पाहणी करते आहे आणि ती पाहणी सरोवराकाठी राहणाऱ्या साध्या माणसांच्या भरवशावर चालते. प्रत्येकाने आपापल्या सरोवरावर उन्हाळ्यात किमान तीनदा फेरी मारायची. जूनमध्ये जोडी आली का ते पाहायचे, जुलैत पिल्ले निघाली का ते, आणि ऑगस्टमध्ये त्यांतली किती जगली ते. त्यांच्या सरोवरावर जूनमध्ये एक जोडी होती, जुलैत दोन पिल्ले होती. ऑगस्टची मोजणी राहिली होती. "कनूमध्ये पुढे बसायला मला एक माणूस हवे आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही याल?"

मी हो म्हणाले. लहान होडीत मी आयुष्यात कधी बसले नव्हते, हे त्या क्षणी सांगायचे राहून गेले.

जाणाऱ्यांसाठी : ऑगस्टमध्येही रात्री गारठा पडतो, तेव्हा एक स्वेटर हवाच. चावऱ्या काळ्या माश्यांचा उपद्रव मे-जूनमध्ये असतो आणि ऑगस्टमध्ये त्या नसतात. डास मात्र संध्याकाळी असतात, म्हणून पूर्ण बाह्यांचे फिकट रंगाचे कपडे न्यावेत. रानातून फिरून आल्यावर पायांवर, गुडघ्यांमागे गोचीड आहे का ते तपासणे आवश्यक आहे, कारण तिथल्या एका जातीच्या गोचिडीमुळे लाइम हा आजार होतो.

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी सहाला विहीणबाईंनी दारावर टकटक केली. वारा साधारण दहानंतर उठतो, म्हणून नवशिक्याने सकाळचे पाणी गाठावे हा त्यांचा नियम. कनू धक्क्याशेजारी उलटी घालून ठेवलेली होती. सिडारच्या पातळ पट्ट्यांवर कॅनव्हास ताणून हिरवा रंग दिलेली ती होडी पीटरबरोच्या कारखान्यातली होती. तो कारखाना १९६१ मध्ये बंद पडला, तरी होडीचे एकही जोडकाम सैल झालेले नाही. मूळची कनू त्याहून कितीतरी जुनी. या प्रदेशातले अनिशिनाबे लोक भूर्जवृक्षाच्या सालीची कनू करत आणि एका सरोवरातून दुसऱ्यात जाताना ती खांद्यावर घेऊन रान ओलांडत. आपल्या पूर्वजांनी ज्या झाडाच्या सालीवर ग्रंथ लिहिले, त्याच्याच जातकुळीच्या झाडाच्या सालीतून यांनी नौका घडवल्या, याचे मला फार अप्रूप वाटले.

होडीत चढणे हेच पहिले कठीण काम. वाकून, दोन्ही कडांना हात धरून, पाऊल नेमके मधोमध ठेवायचे. मी पाऊल कडेला ठेवले, होडी कलली आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरावे लागले. दुसऱ्यांदा जमले. पुढे बसणाऱ्याने लय द्यायची आणि मागे बसणाऱ्याने दिशा सांभाळायची, अशी वाटणी असते. हातांनी ओढू नका, पाठ वळवून ओढा, असे त्या सतत सांगत होत्या. त्या स्वतः वल्हे पाण्यातून काढण्याआधी बाहेरच्या बाजूला हलकेच वळवत. त्यामुळे एकाच बाजूने वल्हवूनही होडी सरळ जाते. हा हात बसायला मला वर्षे लागतील, पण लय मात्र अर्ध्या तासात सापडली. मी मनातल्या मनात जात्यावरच्या ओव्या म्हणू लागले आणि वल्हे त्या ठेक्यावर पडू लागले. आईबरोबर दळायला बसायचे तेव्हाही पुढची आणि मागची अशीच वाटणी असे.

सरोवराच्या पश्चिम टोकाला एक चिमुकले खडकाळ बेट आहे. जूनमध्ये लूनचे घरटे तिथेच होते, अगदी पाण्याच्या रेषेवर. लूनचे पाय शरीराच्या पार मागे असतात. पोहायला आणि बुडी मारायला ते उत्तम, पण जमिनीवर त्याला धड चालता येत नाही, म्हणून तो पाण्यातून सरळ अंड्यांवर सरकता येईल अशीच जागा निवडतो. मोटारबोटीची एक मोठी लाट आली की अंडी वाहून जाऊ शकतात. उत्साही छायाचित्रकार जवळ गेले तर पक्षी घरटे सोडून उठतात. सरोवराचे नाव न सांगण्याची विनंती त्यासाठीच.

बेटापासून बऱ्याच अंतरावर आम्ही वल्ही थांबवली. एक मोठा लून आणि त्याच्या मागे तपकिरी-करड्या रंगाचे एक पिल्लू दिसले. मोठ्याने बुडी मारली, मिनिटभराने चोचीत मासोळी घेऊन वर आला आणि पिल्लाला दिली. लहान असताना ही पिल्ले आई-बापाच्या पाठीवर बसून फिरतात. आता ते सहा आठवड्यांचे झाले होते आणि पाठीवर मावण्याच्या पलीकडे गेले होते. विहीणबाई बराच वेळ दुर्बिणीतून पाहत राहिल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "दुसरे दिसत नाही." टक्कल गरुड वरून उचलतो, मोठे कासव खालून ओढते, हे त्यांनी परतताना सांगितले. पण जोडीतला दुसरा मोठा पक्षीही दिसला नव्हता, तेव्हा दुसरे पिल्लू त्याच्याबरोबर असेल, अशी आशा दोघींनीही बोलून दाखवली.

माझे यजमान पंचगंगेत पोहायला शिकलेले. आम्ही परतलो तेव्हा ते धक्क्यापासून दूर, चहासारख्या तांबूस पाण्यात, उताणे तरंगत होते. रानातल्या पानांचा आणि पाणथळ जमिनीचा रस उतरल्यामुळे या पाण्याला तो रंग येतो, मात्र ओंजळीत घेतले की पाणी नितळ दिसते.

जाणाऱ्यांसाठी : कनूसाठी परवाना लागत नाही, पण प्रत्येकासाठी मापाचे लाइफ जॅकेट, शिटी आणि १५ मीटर तरंगता दोर होडीत असावा लागतो. पोहता येत असले तरी जॅकेट अंगात घालूनच बसावे. मोटारबोट चालवणाऱ्याकडे मात्र त्यासाठीचे कार्ड असणे कायद्याने बंधनकारक आहे.

तिसरा दिवस, रविवार

दुपारी दोनच्या सुमारास पश्चिमेकडचे आभाळ जांभळे झाले. वीज दिसल्याबरोबर विहीणबाईंनी सगळ्यांना पाण्याबाहेर काढले. पाऊस आला तो आपल्या वळवासारखा, वाऱ्यासकट, आडवा. कुठे तरी पाइनचे झाड तारांवर पडले आणि वीज गेली. सरोवराकाठी वीज गेली म्हणजे पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे पाणी बंद. पाऊस उतरल्यावर जावईबापू आणि नात बादल्या घेऊन धक्क्यावर गेले. मी उठून स्वयंपाकाचा ताबा घेतला. गॅसची शेगडी काडीने पेटत होती, टोरांटोहून आणलेले बेसन आणि ज्वारीचे पीठ पिशवीत होतेच. मेणबत्तीच्या उजेडात पिठले ढवळले, बिडाच्या जाड तव्यावर भाकरी थापल्या. विहीणबाई शेजारी उभ्या राहून भाकरी फुगताना टक लावून पाहत होत्या. पहिला घास घेतल्यावर त्यांनी विचारले की हे सणाचे जेवण आहे का. मी सांगितले, घरात काही नसते तेव्हाचे आहे. त्या म्हणाल्या, "मग हे मला शिकायला हवे. इथे दर उन्हाळ्यात तशी वेळ येते."

जेवणानंतर त्यांनी लाकडाची शेगडी पेटवली आणि फळीवरून लूनची वही काढली. कापडी बांधणीची, पाण्याचे डाग पडलेली ती वही त्यांच्या यजमानांनी सुरू केलेली. दर उन्हाळ्याचे एक पान. तारीख, वेळ, वारा, मोठे पक्षी किती, पिल्ले किती आणि शेवटचा रकाना निरीक्षकांचा. सुरुवातीच्या सगळ्या पानांवर त्या रकान्यात दोन नावे आहेत. सहा वर्षांपूर्वी आमचे व्याही गेले. त्यानंतरच्या पानांवर अक्षर बदलले आहे आणि नाव एकच आहे. त्यांनी पाने उलटली, मी पाहिली, आणि आम्ही दोघीही काही बोललो नाही.

वहीतले आकडे मात्र त्यांनी समजावून सांगितले. पिल्लांच्या रकान्यात जुन्या पानांवर दोन हा आकडा वारंवार आहे, अलीकडे एक किंवा शून्य जास्त. एका सरोवराच्या आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही हे त्यांना ठाऊक आहे, पण देशभरातल्या अशा वह्या एकत्र केल्या तेव्हाही प्रत्येक जोडीमागे जगणारी पिल्ले काळाबरोबर कमी झालेली दिसली. विसाव्या शतकात वायव्येच्या सडबरीतील धातू वितळवण्याच्या भट्ट्यांमधून आणि अमेरिकेतल्या कारखान्यांतून निघालेला गंधकाचा धूर इथे आम्लपावसाच्या रूपाने कोसळत असे. या खडकात चुना जवळजवळ नाही, त्यामुळे आम्ल मारायला जमिनीत काही नव्हते. सरोवरांतले मासे घटले, पाऱ्याचा अंश माशांत आणि माशांतून पक्ष्यांत चढला. डॉर्सेटच्या संशोधन केंद्रात १९७०च्या दशकापासून या सरोवरांच्या पाण्याचा अभ्यास चालू आहे. १९९१ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेने हवेच्या शुद्धतेचा करार केला आणि पाऊस पुष्कळ सुधारला. पण आम्लाने जमिनीतले जे कॅल्शियम धुऊन नेले, ते परत आलेले नाही.

एवढे सांगून त्या उठल्या आणि शेगडीतून आधीच काढून ठेवलेली थंड राख पत्र्याच्या डब्यात भरू लागल्या. मी विचारले तेव्हा कळले की फ्रेंड्स ऑफ द मस्कोका वॉटरशेड ही संस्था लोकांच्या घरची लाकडाची राख गोळा करून मेपलच्या रानात पसरते, कारण राखेत झाडांना हवे असलेले कॅल्शियम असते. रंग दिलेल्या लाकडाची किंवा कागदाची राख चालत नाही. परसातल्या अळूला आणि केळीला राख घालणाऱ्या माझ्या आजीला हे ऐकून आनंद झाला असता. त्या रात्री वीज आली नाही. शेगडीच्या उबेत सगळे एकाच खोलीत झोपलो.

जाणाऱ्यांसाठी : पिण्याचे पाणी दोन दिवस पुरेल इतके बाटल्यांत भरून ठेवावे. सरोवराचे पाणी थेट पिऊ नये, ते खळखळून उकळावे. मोरीत तेल-तूप ओतू नये, कारण सांडपाणी घराच्याच सेप्टिक टाकीत जाते आणि टाकी बिघडली तर घाण शेवटी सरोवरात उतरते. आपल्या फोडण्यांचे तेल कागदाने पुसून कचऱ्यात टाकायचे. कचरा रात्री बाहेर ठेवायचा नाही, वासाने अस्वले येतात.

चौथा दिवस, सोमवार

वीज सकाळी आली. सुट्टीचा दिवस असल्याने सरोवरावर मोटारबोटी फार होत्या, तेव्हा मोजणीला जाण्यात अर्थ नव्हता. आम्ही डॉर्सेटला गेलो. गावाबाहेरच्या टेकडीवर १०० फूट उंच मनोरा आहे. १९२२ मध्ये इथे वणवे हेरण्यासाठी पहिला मनोरा उभारला होता, आताचा त्यानंतरचा. पायऱ्यांच्या फटींतून खालची जमीन दिसते, त्यामुळे मी अर्ध्यावर थांबले, पण नातीने वरून हाक मारली आणि गेले. वरून लेक ऑफ बेज हे सरोवर सगळ्या फाट्यांसह दिसते आणि त्याच्या भोवती लहान-मोठी तळी. हिमनदीने सुमारे ११-१२ हजार वर्षांपूर्वी माघार घेतली आणि खरवडलेल्या खळग्यांत पाणी भरले, हे वाक्य मी वर्गात कितीदा तरी उच्चारले होते. पुस्तकातला नकाशा माझ्या समोर पसरला होता.

गावातून बटर टार्ट घेतले. मैद्याच्या लहान वाटीत लोणी, अंडे आणि ब्राऊन शुगरचे पातळसर सारण असते. मनुका घातलेले चांगले की साधे यावर तिथे घराघरांत मतभेद आहेत. मला मनुकांचे आवडले.

पाचवा दिवस, मंगळवार

ब्लूबेरीचा हंगाम शेवटाकडे आला होता. दक्षिणेकडच्या उघड्या खडकावर, जिथे माती जेमतेम बोटभर आहे, तिथे गुडघ्याइतकी झुडपे आहेत. रानातली ब्लूबेरी बाजारातल्यापेक्षा बारीक, पण चवीला करवंदासारखी भरलेली. नात तोडताना निम्मी खात होती. संध्याकाळी विहीणबाईंनी ब्लूबेरी भरून पाय (pie) हा गोड पदार्थ भाजला आणि मी उरलेल्यांत साखर व वेलदोडा घालून मुरांबा केला.

दुपारी चारला वारा पडल्यासारखा वाटला, म्हणून आम्ही दोघी दुसऱ्या पिल्लाच्या शोधात पूर्वेच्या खाडीसारख्या अरुंद भागात गेलो. तिथे मोठा लून एकटाच होता. आम्हांला पाहताच त्याने थरथरत्या, हसल्यासारख्या आवाजात हाका घातल्या. ते हसू नसते. आपण फार जवळ आलो आहोत असा तो इशारा असतो आणि तो ऐकल्याबरोबर मागे फिरावे. आम्ही फिरलो, पण भूशिर ओलांडताच वारा समोरून अंगावर आला. पाण्यावर पांढरे फेस उठले होते. पहिली लाट होडीच्या कडेवरून आत आली तेव्हा माझे हात थिजले. मागून अगदी शांत आवाज आला, "गुडघ्यांवर बसा. वल्हवत राहा. लाटेकडे तोंड." गुडघ्यांवर बसल्याने भार खाली येतो आणि होडी स्थिर होते. मला ते शास्त्र ठाऊक होते, तरी त्या क्षणी शास्त्र आठवले नाही, तो आवाज पुरला. घराकडे जाण्याचा हट्ट न धरता त्यांनी होडी जवळच्या काठाला लावली. आम्ही पाइनखाली भिजलेल्या कपड्यांनी सव्वा तास बसून राहिलो.

त्या सव्वा तासात त्या यजमानांविषयी पहिल्यांदा बोलल्या. शेवटच्या उन्हाळ्यात त्यांना होडीत चढता येत नव्हते, तेव्हा ते धक्क्यावर बसून वहीत लिहीत आणि त्या एकट्या जाऊन मोजून येत. मी माझ्या थोरल्या बहिणीविषयी सांगितले, जी मागल्या वर्षी गेली. काही उत्तर न देता त्यांनी आपली कोरडी ओढणीसारखी शाल माझ्या खांद्यांवर टाकली. सातच्या सुमारास पाणी बसले आणि आम्ही निघालो. धक्क्यावर यजमान, लेक, जावई, नात, सगळे रांगेत उभे होते.

रात्री आकाश स्वच्छ होते. ऑगस्टच्या मध्याला भरात येणारा ययाती तारकासमूहातील उल्कावर्षाव त्या दिवसांत सुरू झालेला असतो. धक्क्यावर उताण्या पडून नातीने अकरा उल्का मोजल्या. आकाशगंगा इतकी ठळक मी बालपणी गगनबावड्याला पाहिली होती.

जाणाऱ्यांसाठी : होडी उलटली तर होडीला धरून राहावे, काठाकडे एकट्याने पोहत सुटू नये. मासेमारी करणाऱ्यांनी परवाना घ्यावा आणि शिशाची वजने वापरू नयेत. तळाशी पडलेले शिशाचे एक बारीक वजन खड्यांबरोबर गिळले गेले तरी लून मरतो. होडी एका सरोवरातून दुसऱ्यात नेताना ती धुऊन, पाणी काढून, वाळवूनच न्यावी, नाही तर परके शिंपले आणि वनस्पती तिच्याबरोबर जातात.

सहावा दिवस, बुधवार

दुपारी निघायचे होते. पहाटे साडेपाचला मी स्वतःहून उठले तर विहीणबाई चहाचा थर्मास भरत होत्या आणि नात लाइफ जॅकेट घालून दारात उभी होती. थंड हवा आणि कोमट पाणी यांमुळे सरोवरावर धुके होते. समोरचा काठ दिसत नव्हता. नात मधोमध बसली. तिच्या मांडीवर वही आणि पेन्सिल.

आम्ही काठाकाठाने गेलो. बीव्हरने कुरतडलेल्या फांद्या, पाण्यावर झुकलेली सिडारची झाडे, एका ओंडक्यावर ओळीने बसलेली रंगीत कासवे. उत्तरेच्या काठावर काही नव्हते. पूर्वेच्या अरुंद भागाच्या तोंडाशी वल्ही आडवी ठेवून वीस मिनिटे थांबलो. मोठ्या पक्ष्याची मान धुक्यातून वर आली, पुन्हा बुडाली, पुन्हा दिसली. त्याच्यामागे कोणी नव्हते. तो पश्चिमेकडे निघाला, तसे आम्हीही फार मागून निघालो.

बेटाजवळ धुके विरले होते. तिथे दुसरा मोठा लून होता आणि त्याच्याजवळ ते पिल्लू. मोठे दोघे एकमेकांजवळ आले, चोची पाण्यात बुडवल्या आणि अगदी लहान, घुटका घेतल्यासारखा आवाज काढला. कुटुंबात जवळ असताना ते तसा आवाज काढतात. आम्ही थांबून राहिलो. नातीने दुर्बिणीतून बेटाच्या दोन्ही बाजू, लव्हाळ्याची कड, झुकलेल्या झाडांखालची सावली पाहिली. पाऊण तास झाला. पिल्लाने स्वतः बुडी मारली, रिकाम्या चोचीने वर आले, पुन्हा मारली आणि या वेळी त्याच्या चोचीत काही तरी चमकले.

"नाना, दुसरे झोपले असेल का?" नातीने इंग्रजीतून विचारले. ती त्यांना नाना म्हणते, तिकडे आजीला तसे म्हणतात. विहीणबाईंनी तिला खोटे सांगितले नाही. पाच दिवसांत चार जागी पाहिले आणि एकच दिसले, तर एकच लिहायचे, असे त्या म्हणाल्या. दोन उन्हाळ्यांत मिळून एका जोडीचे एक पिल्लू मोठे झाले तरी लूनची संख्या साधारण टिकते, म्हणून एक हा वाईट आकडा नव्हे, हेही त्यांनी समजावले. हे पिल्लू अकरा आठवड्यांचे झाले की उडू लागेल. आई-बाप आधी समुद्राकडे जातील आणि ते मागून, वाट दाखवायला कोणी नसताना, अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत जाईल. मग दोन-तीन वर्षे तिकडेच राहून परत येईल. नात तरीही डोळे पुसत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला तरी दुसरे काय करता आले असते?

तिने वहीत लिहिले. मोठे दोन, पिल्लू एक, वारा नाही, धुके, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. शेऱ्याच्या रकान्यात विहीणबाईंनी तिला लिहायला सांगितले की जुलैत पिल्ले दोन होती. निरीक्षकांच्या रकान्याशी ती थांबली. विहीणबाईंनी वही मागे मागून घेतली, गुडघ्यावर ठेवली आणि आधी स्वतःचे नाव लिहिले, मग नातीचे. मग पेन्सिल तशीच हातात धरून त्यांनी मला विचारले, "तुमच्या नावाची अक्षरे सांगा. चुकीचे लिहायला नको."

मी एकेक अक्षर सांगत गेले आणि त्या लिहीत गेल्या.